अर्ध्या तासाचं मशीन

सहा वाजून सात मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला आणि मी तो उचलायच्या आधीच डवरी सरांचा चेहरा उतरला.

"मॅडम, पावती येईना झालीया," पलीकडून पिंपळकोंडच्या इंदुबाई रेडेकर बोलत होत्या. तिथल्या महिला दूध संस्थेच्या त्या सचिव. "नुसतं गोल गोल फिरालंय. पस्तीस बायका उभ्या हायत रांगेत."

"आज इतक्या लवकर?"

"मग मी काय खोटं सांगतो व्हय? रोज साडेसहाला मरायचं, आज सहालाच मेलं बगा."

मी फोन ठेवला. आमच्या मागे, भिंतीला लावलेल्या खुर्चीवर, दूध संघाच्या अध्यक्षा सरनोबत ताईसाहेब बसल्या होत्या. त्यांच्या हातातला चहा अजून अर्धासुद्धा झाला नव्हता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं फक्त, आणि त्यांचं ते पाहणं विचारण्यापेक्षा वाईट होतं.

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली. संघाचं नाव सांगत नाही, कारण माझा पगार अजून तिथूनच निघतो. आमच्याकडे साडेनऊशे गावांतल्या संस्था रोज सकाळी सहाला दूध घ्यायला लागतात. प्रत्येक संस्थेत काटा आणि फॅटचं मशीन. वजन आणि फॅट आमच्या संगणकाकडे यायचं, तिथं नोंद व्हायची आणि दोन-तीन सेकंदांत गावात पावती छापून निघायची. बाईने पावती वाचायची, मान हलवायची, मगच तिचं दूध कॅनमध्ये ओतायचं. आधी पावती, मग दूध. हा नियम ताईसाहेबांनी घातला होता आणि बायकांनी तो डोक्यावर घेतला होता, कारण त्याआधीची वीस वर्षं फॅट वहीत लिहिलं जायचं. सचिवाच्या मर्जीतल्या घराचं सहा, आणि विधवेच्या म्हशीचं पाच. वही सचिवाच्या हातात आणि पेन्सिल त्याच्या कानावर, मग काय बोलणार?

डवरी सरांनी ती वही बंद पाडली. महादेव डवरी, आमचे संगणक शाखाप्रमुख. गावोगाव एसटीने फिरून त्यांनी हे उभं केलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती त्यांची.

पण त्या दिवाळीनंतर रोज साडेसहाच्या सुमाराला सगळं गळपटायला लागलं. पावतीला दोन सेकंदांऐवजी दोन मिनिटं. पावती नाही म्हणून बाई दूध ओतू देत नाही, रांग हलत नाही, टँकर गावाच्या वेशीवर उभा. दोनदा टँकर दुपारी पोचला आणि दूध नासलं. संचालकांमधल्या ज्यांना वही सोयीची होती त्यांना आयतंच कोलीत मिळालं. "काय त्या ढगातल्या मशीनचं कौतुक, त्यापेक्षा आपली वही बरी." आमचा सर्व्हर क्लाउडवर होता, म्हणजे कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या इमारतीतलं भाड्याचं मशीन आणि त्याला जोडलेली भाड्याची डिस्क. ढग शब्दावर त्यांनी बैठकीत चांगलं हसून घेतलं होतं.

सरांनी निदान केलं की डिस्क मंद आहे. सगळी लक्षणं तशीच होती. मशीनचं डोकं, म्हणजे प्रोसेसर, रिकामं, आणि डिस्कच्या दाराशी नोंदींची ही रांग. त्यांनी ताईसाहेबांकडे शब्द टाकला, ठराव करून घेतला आणि जुनीहून वेगवान आणि महाग डिस्क घेतली. ताईसाहेब एवढंच म्हणाल्या, "डवरी, सोमवारी मी स्वतः येऊन बघते. चाललं तर चाललं. नाहीतर मंगळवारपासून वही सुरू, आणि तुमच्यासाठी दुसरं काम बघू." त्यांच्याकडे धमकी नसायची, वेळापत्रक असायचं.

हा तो सोमवार. सहा वाजून सात मिनिटं.

"सर, डिस्कवर काही दोष दिसत नाही," मी हळू आवाजात म्हणाले.

"नीट बघ, चौगुले."

मी बघत होते. पडद्यावर डिस्कच्या कामाची एक रेघ होती. एकेका पावतीमागे डिस्कवर कित्येकदा वाचणं-लिहिणं होतं, आणि सेकंदाला असं सोळा हजार वेळा पेलेल अशी डिस्क आम्ही घेतलेली. सहा ते सहा-पाच रेघ झकास वर चढली होती, दहा हजार, अकरा हजार. मग सुरीने कापल्यासारखी खाली आली आणि तीन हजार सहाशेवर आडवी पडली. वर नाही, खाली नाही. डिस्क थकली असती तर रेघ थरथरली असती. ही थरथरत नव्हती. कुणीतरी तिच्या डोक्यावर पाय दिल्यासारखी ती सपाट होती.

फोन पुन्हा वाजला. मग दुसरा फोन. मग सरांचा मोबाइल. ताईसाहेबांनी कप बशीत ठेवला.

"डवरी, हीच का ती नवीन डिस्क?"

"होय ताईसाहेब."

"मग जुनी साडेसहापर्यंत तरी चालायची."

सरांच्या कानशिलावरून घाम ओघळला. डिसेंबरात, आमच्याकडे, पहाटे! मला त्यांच्याकडे बघवेना.

"पाचला तर लोण्यासारखं चाललं होतं," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "तूच चालवलंस ना? मग तासाभरात काय बदललं?"

पाचला आम्ही रंगीत तालीम केली होती. हा आमच्या संघाचा रिवाजच. मंत्री यायचे असोत की दूध तपासणीचे साहेब, आधी एकदा सगळं चालवून बघायचं, हार कुठे ठेवायचा इथपर्यंत. हट्ट माझा होता. आदल्या दिवशीच्या सगळ्या नोंदी मी पहाटे पाचला मशीनवर पुन्हा सोडल्या, पंचवीस मिनिटं, पूर्ण जोरात. एक पावती अडली नाही. सरांनी खिशातून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली होती.

पंचवीस मिनिटं.

आणि आज सहाला सुरू होऊन पाच मिनिटांत बसलं. पंचवीस आणि पाच. रोज सहाला सुरू व्हायचं आणि साडेसहाला बसायचं. तेही तीसच.

मी पडद्यावरची नोंदी, डिस्क, नेटवर्कची सगळी पानं मिटली आणि कंपनीचं मशीनांचं कोष्टक उघडलं. प्रत्येक मशीनपुढे रकाने असतात. प्रोसेसर किती, मेमरी किती, भाडं किती. आणि पार उजवीकडे, बोटाने सरकवल्याशिवाय न दिसणारा एक रकाना. हे मशीन डिस्कशी किती वेगाने बोलू शकतं. डिस्क कितीही मोठी लावा, मशीनचा स्वतःचा एक आकडा असतो आणि त्याच्या पलीकडे ते जात नाही. दहा हजार लिटरचा दुधाचा कूलर आणि त्याला अर्धा इंची पाइप, तसंच.

आमच्या मशीनपुढे आकडा चांगला अठरा हजारांचा होता. पण त्याच्या डोक्यावर चांदणीची खूण होती. कोष्टकाच्या तळाशी चांदणीचा खुलासा बारीक अक्षरात. हा वेग चोवीस तासांतून किमान अर्धा तास मिळेल. नंतर मूळ वेग. आमच्या मशीनचा मूळ वेग तीन हजार सहाशे.

तो अर्धा तास मी पहाटे पाचला तालमीत उडवला होता.

पण एवढंच असतं तर मी उडी मारून ओरडले असते. मी ओरडले नाही, कारण ते कोष्टक मी पहिल्यांदा बघत नव्हते.

फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे याहून मोठं मशीन होतं. त्याचं डोकं दिवसभर रिकामं असायचं, शंभरातलं बारासुद्धा वापरात नाही. मला नोकरीला लागून वर्ष झालं होतं आणि काहीतरी करून दाखवायची खाज होती. मी हेच कोष्टक उघडलं, डावीकडचे तीन रकाने वाचले, धाकटं मशीन निवडलं आणि टिपणी लिहिली. "क्षमता विनावापर पडून आहे. लहान मशीन पुरेसे आहे." सरांनी विचारलं, "सगळं बघितलंस ना?" मी म्हटलं, "सगळं." त्यांनी सही केली. बिल निम्म्यावर आलं. वर्धापनदिनाला मला शाल, श्रीफळ आणि 'संगणक खर्चात बचत' असं लिहिलेलं प्रशस्तिपत्र मिळालं. माझे वडील त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते.

आणि पुढे सगळं चाललंही. उन्हाळा आला, म्हशी आटल्या, कृश काळ. दूध थोडं, वीस-पंचवीस मिनिटांत गावं उरकायची, आणि तेवढा वेळ मशीन पूर्ण वेगाने पळायचं. दिवाळीनंतर पुष्ट काळ लागला, दूध दुप्पट झालं, रांगा तासावर गेल्या. दूध वाढलं आणि मशीनचा अर्धा तास तेवढाच राहिला. दोन महिने आम्ही डिस्कला शिव्या घालत होतो. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

हे सगळं मला एका दमात समजलं आणि दुसऱ्याच दमात वाटलं, आठ वाजू देत. आठला संकलन संपतं. मग गुपचूप मोठं मशीन लावीन. उद्या सगळं सुरळीत. कुणी विचारलं तर डिस्क आता रुळली म्हणून सांगेन. लाज वाटते, पण हेच आलं मनात.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ताईसाहेब उठल्या होत्या.

"डवरी, तुमची मेहनत मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण साडेनऊशे गावांतल्या बायका मी अशा थंडीत किती दिवस उभ्या करू? वह्या छापखान्यात तयार आहेत. उद्यापासून देऊ या."

"ताईसाहेब, वही आली की परत..." सर म्हणू लागले.

"मला कळत नाही का? वही मीच बंद केली होती."

फोन वाजत होता. मी उचलला. पुन्हा इंदुबाई.

"मॅडम, एक सांगतो. म्हाताऱ्या बायका म्हणाल्यात, पावती नसंल तर दूध परत न्हेतो, पर वहीत न्हाई घालणार. आता तुमीच बगा."

मी रिसीव्हर बाजूला धरला.

"ताईसाहेब, डिस्क ठीक आहे," मी म्हणाले. "मशीन लहान पडतंय. डिस्क देईल तेवढं मशीनला घेताच येत नाही. पूर्ण वेग दिवसातून अर्धा तासच मिळतो, आणि आजचा अर्धा तास तालमीत गेला. मोठं मशीन लावलं तर आत्ता चालेल."

दोन पावलं पुढे येऊन सरांनी पडद्यावरची सपाट रेघ पाहिली, मग कोष्टक, मग चांदणी. त्यांचे ओठ हलले. आठ आठवड्यांचा हिशेब त्यांच्या डोक्यात तिथल्या तिथे लागला असणार. ते माझ्यापेक्षा हुशार होते.

"आत्ता म्हणजे?" ताईसाहेबांनी विचारलं.

"मशीन बंद करावं लागेल. चार-पाच मिनिटं. चालू मशीनचा प्रकार बदलता येत नाही."

संकलन चालू असताना मशीन बंद करायचं नाही, हा सरांचा दहा वर्षांचा शिरस्ता. रांगेतल्या बाईची नोंद अर्धवट राहिली तर तिचा विश्वास उडतो, असं ते म्हणायचे. ते काही बोलतील म्हणून मी थांबले. बोलल्या त्या ताईसाहेब.

"एवढी डिस्क घेतली, ठराव केला, आणि मशीन लहान? कुणी ठेवलं लहान?"

फोनमधून इंदुबाईंच्या रांगेतला गलका तेवढा बारीक येत होता.

"फेब्रुवारीत बदललं, ताईसाहेब," डवरी सर म्हणाले. "कागदावर सही माझी आहे."

आणि ते थांबले.

तेवढंच बोलून थांबले. माझ्याकडे पाहिलंही नाही. टेबलाच्या कडेवर हात टेकून पडद्याकडे बघत उभे राहिले. कितीसा वेळ असेल तो? ग्लासभर पाणी पिऊन होईल एवढा. मला माझ्या शालीचा रंग आठवला, मोरपंखी. वडिलांचा सदरा आठवला. सरांची निवृत्ती दोन वर्षांवर होती, माझी तेहेतीस वर्षांवर. हे गणितसुद्धा मी तेवढ्या वेळात केलं.

"ताईसाहेब, बंद करू का?" मी म्हणाले. "एकेक मिनिट जातंय."

ऐकायला ते कर्तव्यदक्ष वाटलं असणार.

"करा," ताईसाहेब म्हणाल्या.

सरांनी सगळ्या संस्थांना मेसेज सोडला, पाच मिनिटं थांबा, कुणाचीही नोंद जाणार नाही. मी इंदुबाईंना फोनवरच थांबायला सांगितलं आणि मशीन बंद केलं. पडद्यावर 'थांबत आहे' अशी अक्षरं आली. एक मिनिट गेलं. दीड. ते थांबायलाच तयार नव्हतं. साडेनऊशे गावं, हजारो बायका, किटल्यांतलं कोमट दूध, आणि मी एका करड्या वर्तुळाकडे बघत होते.

"थांबलं," सर म्हणाले. "प्रकार निवड. उजवीकडचा रकाना बघून निवड."

मी बोटाने सरकवून उजवीकडचा रकाना बघितला. आकडा मोठा, चांदणी नाही. निवडलं, सुरू केलं. तीन मिनिटं. साडेतीन. मशीन उठलं, पण आमची प्रणाली उठेना. सरांनी माझा कीबोर्ड ओढून घेतला, उभ्यानेच चार ओळी टंकल्या, एंटर मारली. चूक एकही झाली नाही.

चौथ्या मिनिटाला रेघ हलली. पाच हजार, नऊ हजार, बारा. आणि तिथेच नाचत राहिली.

"आली वो आली!" रिसीव्हरमधून इंदुबाई ओरडल्या, ताईसाहेबांनासुद्धा ऐकू गेलं. "पावती आली! ए सगुणा, वत गं दूध!"

मी रडले. आनंदाने रडले असं सगळ्यांना वाटलं. ताईसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पोरीनं वाचवलं बघा आज," त्या म्हणाल्या. मग सरांकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "डवरी, तुम्ही संध्याकाळी भेटा."

वही आली नाही. छापलेल्या वह्या पुढे शाळांना वाटल्या. सरांची बदली पशुखाद्य गोदामावर झाली, 'तांत्रिक बाबींत निष्काळजीपणा' असा शेरा मारून. शाखेचा पदभार माझ्याकडे आला. वडिलांनी गावात पेढे वाटले.

पुढच्या फेब्रुवारीत एकदा दुपारी मी गोदामावर गेले. सर पोत्यांच्या थप्प्या मोजत होते, अंगभर भुस्सा. मला बघून त्यांनी पोतं झटकून बसायला जागा केली.

"कसं चाललंय मशीन?"

"छान चाललंय. सर, त्या दिवशी तुम्ही मला वाचवलंत. मी कशी परतफेड..."

"वाचवलं?" त्यांनी चष्मा काढला. "असं कुणी सांगितलं तुला?"

"तुम्ही सही स्वतःवर घेतलीत."

"सही माझीच होती. ती मी सांगितली. न वाचता केली, त्याची शिक्षा मला मिळाली, रास्त मिळाली. त्यात तुझा काय संबंध?" ते रागावले नव्हते. नोंद तपासताना बोलायचे तसे बोलत होते. "टिपणी तुझी होती. माझं अर्धं सांगून मी थांबलो, चौगुले. उरलेलं अर्धं तू सांगशील म्हणून. बराच थांबलो."

"मी आजच ताईसाहेबांना जाऊन सांगते," मी म्हणाले.

"सांग की," ते म्हणाले, आणि थप्पी कुठपर्यंत मोजली होती ते आठवत पुन्हा पहिल्या पोत्यापासून सुरुवात केली.

मी तिथून थेट ताईसाहेबांकडे गेले, असं लिहायचा मोह होतो. गेले नाही. स्कूटी सुरू केली आणि ऑफिसला आले, तीनला बैठक होती. ताईसाहेब त्यानंतर पाच वर्षं अध्यक्ष होत्या. त्यांच्या केबिनचं दार माझ्या टेबलापासून तेरा पावलांवर होतं, आणि ते दिवसभर उघडंच असायचं.